रिकाम्या खुर्चीचं निदान

पासो यताई गावच्या व्हॉलीबॉल क्लबच्या हॉलमध्ये त्या सोमवारी सकाळी सातलाच पाय ठेवायला जागा नव्हती. गार पाण्याचे थर्मास, तेरेरेचे म्हणजे यर्बाच्या पानांच्या गार चहाचे पेले, कडेवरची पोरं, काठ्या टेकत आलेले म्हातारे. यर्बाच्या मळ्यांवरून माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती.

"शनिवारी तू होतीस ना?" माझ्यापुढची बाई शेजारणीला विचारत होती.

"होते तर! खट् खट् खट् असा आवाज झाला आणि गेलंच ते यंत्र. पडदा काळाकुट्ट. प्रोफेसर रडले गं अगदी."

"आणि आज?"

"आज उठलंय म्हणे."

प्रोफेसर एवेरिल्दो पांढरा कोट घालून पुढे आला. टेबलावर निळ्या मखमलीखाली काहीतरी झाकलेलं होतं, शेजारी विकायच्या थेंबांच्या बाटल्या होत्या. त्याने दोन्ही हात वर केले.

"मित्रांनो, शनिवारी तुम्ही शरीर मरताना पाहिलंत. आज बघा, आत्मा मरत नाही!"

मखमल उचलली. खाली नवाकोरा, पातळ लॅपटॉप होता, पण पडद्यावर दिसत होतं ते जुनंच. त्याच करड्या चौकटी, तीच ठोकळ्यासारखी अक्षरं, तीच माणसाच्या शरीराची हिरवी आकृती. हॉलभर हुंकार उठला. काहींनी छातीवर क्रूस काढला.

"आजकालचे संगणक बहिरे झालेत," प्रोफेसर सांगू लागला. "इंटरनेटच्या घाणीनं त्यांचे कान किटलेत. हे यंत्र अंतराळात जाणाऱ्या माणसांसाठी बनवलेलं. जुनं आहे, म्हणूनच निर्मळ आहे. हे तुम्हाला काही विचारत नाही. हे ऐकतं! तुमची पेशी न पेशी याच्याशी बोलते!"

पहिले बसले करई लिसार्दो. करई म्हणजे साहेब. आमच्या यर्बा सहकारी संस्थेचे अध्यक्ष, वय वर्षं एकाहत्तर. उजव्या हातात पितळी दांडी, कानावर हेडफोन. आकृतीवर रंगांचे ठिपके धावले, आकडे झरझर उतरले.

"गुडघे!" प्रोफेसर ओरडला. "पोटात वायू! आणि झोप, करई, रात्री झोप तुटते की नाही?"

"अगदी बरोबर!" करई लिसार्दो उभे राहून म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाहत्तराव्या वर्षी ज्याचे गुडघे दुखत नाहीत आणि ज्याला सलग झोप लागते असा माणूस पासो यताईत शोधून सापडला नसता. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी मागच्या भिंतीला टेकून हसू दाबत उभी होते. ते यंत्र कसं उठलं हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. एक प्रोफेसर आणि दुसरी मी. ते मीच उठवलं होतं.

माझं नाव मिर्ना. बसस्टँडसमोर माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या हातात एक कसब आहे, जे आता फार कुणाकडे उरलेलं नाही. जुनी यंत्रं मरतात, पण त्यांच्यावर चालणारे प्रोग्राम लोकांना हवे असतात. सहकारी संस्थेत यर्बाच्या पानांचं वजन करणारा प्रोग्राम पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. तो ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो, ती नव्या संगणकावर बसतच नाही. मग मी नव्या संगणकात एक खोटा संगणक तयार करते. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. नवा संगणक आतल्या आत जुन्या यंत्राचं सोंग घेतो. बिचाऱ्या जुन्या सिस्टिमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. तिच्याकडे घड्याळसुद्धा तेच, जे मी देईन ते. वाटेल तो क्षण मी गोठवून ठेवते आणि हवा तेव्हा जसाच्या तसा परत आणते.

शनिवारी दुपारी प्रोफेसर मागच्या दाराने माझ्याकडे आला होता. जुनी हार्ड डिस्क शेवटचे आचके देत होती. "बाई, माझं पोट याच्यावर आहे," म्हणाला. मी डिस्कची नक्कल काढली आणि त्याच्या नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उभं करून दिलं. कुणाला सांगू नका म्हणाला, बरं म्हटलं. त्या रविवारी, चाचणी घेताना, दुकानात आणखी एक गोष्ट घडली. ती मी पुढे सांगणार आहे. ती तोंडातून काढायला मला स्वतःला सहा महिने लागले.

हे मार्चमधलं. एप्रिलच्या शेवटी माझ्या बहिणीला, निमियाला, आंघोळ करताना छातीत गाठ लागली.

निमिया माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिने मला वाढवलं. मला ती मिची म्हणते. मिची म्हणजे बारकी. वीस वर्षं ती संस्थेच्या वजनकाट्यावर बसली. तो जुना प्रोग्राम मी अजून जिवंत ठेवला, त्याचं खरं कारण तीच होती. नवा आणायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "मिची, माझ्या बोटांना हाच पाठ आहे." मग मी कशाला आणू देते नवा?

राजधानीतल्या इस्पितळात डॉक्टर फ्रेतेस म्हणून बाई होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, सहा वेळा औषध चढवायचं, मग ऑपरेशन. गाठ लवकर सापडली आहे, बरं होण्याची शक्यता चांगली आहे. मे महिन्यात दोन डोस झाले. निमियाचे केस गेले, तोंड आतून सोलून निघालं, चिपा पावाचा तुकडाही गिळवेना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जूनमध्ये पानांची तोडणी सुरू झाली, मी संस्थेत अडकले. "तू नको येऊस, मी बसने जाते," ती म्हणाली. दर तीन आठवड्यांनी मंगळवारी ती बसमध्ये चढायची. मी हात हलवायचे.

ऑगस्टमध्ये ती छान दिसू लागली. गालांवर रंग आला, दोन-दोन वाट्या सूप पिऊ लागली. गावातले लोक थांबवून म्हणायचे, "निमिया तर पार बरी झाली!" मीही खूश होते. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले. उकाडा होता म्हणून तिने डोक्याचा रुमाल काढला. टाळूवर बोटभर केस उगवले होते, काळे, दाट. मी हौसेने हात फिरवला. आणि हात तिथेच थांबला.

औषध चालू असताना केस उगवत नाहीत.

"निमिया, शेवटचा डोस कधी झाला?"

"झाला की."

"कधी?"

ती मंदिओकाचे कंद सोलत होती. सुरी खाली ठेवून उठली आणि कपाटातून एक कागद घेऊन आली. मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे धरला. "हे वाच आधी. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

वर तिचं नाव होतं, वय बावन्न, तिसरी भेट. खाली आकड्यांची रांग. स्तन नव्याण्णव पॉइंट दोन. रक्त सत्त्याण्णव पॉइंट आठ. लसिका ग्रंथी अठ्ठ्याण्णव. सगळ्यात खाली ठोकळ्यासारख्या अक्षरांत: शरीर शुद्ध.

"त्या भामट्याकडे जातेस तू? आणि बस? ती मंगळवारची बस?"

"पुढच्या गावात उतरायचे, माझ्या मैत्रिणीकडे बसायचे दिवसभर. ओरडू नकोस. तो जूनचा डोस घ्यायला निघाले होते गं, खरंच निघाले होते. पण पाय उचलेना. म्हटलं, एकदा यंत्र काय म्हणतं बघू. प्रोफेसरांनी एकदाही म्हटलं नाही की इस्पितळ सोड. एवढंच म्हणाले, विषावर विष घालायचं की शरीराला ऐकायचं, तुमचं तुम्ही ठरवा. आणि बघ, तेव्हापासून किती बरं वाटतंय मला!"

"बरं वाटतंय कारण औषध थांबलंय! औषधाचा त्रास गेला, आजार नाही गेला!"

"तू का चिडतेस?" ती खरोखर गोंधळली होती. "तुझंच तर यंत्र आहे ते."

"माझं?"

"प्रोफेसरांनी सांगितलं मला. म्हणाले, कुणाला सांगत नाही, पण तुम्ही तिच्या बहीण. तुमच्या मिर्नानेच याला जीव दिला. तेव्हा तर माझी शंकाच मिटली. म्हटलं, मिचीनं हात लावलाय, म्हणजे खोटं नसणार. अगं, शाळेत बाईंनी एक मार्क जास्त दिला होता तर परत करायला गेली होतीस तू. तू खोट्याला हात लावशील होय?"

तिचा हात धरून तिला गाडीत घातलं आणि सरळ संस्थेच्या वजनकाट्याच्या खोलीत नेलं. रविवार दुपार, तिथे कुणी नव्हतं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक डिस्कची एक नक्कल मी ठेवते; तो धंद्याचा नियम आहे. ती नक्कल मी तिच्या रोजच्या संगणकावर सुरू केली. करड्या चौकटी उघडल्या, हिरवी आकृती आली.

"दांडी कुठाय?" निमिया म्हणाली.

"दांडी नाही. बघत राहा."

मी खोट्या संगणकाचं घड्याळ मागे नेलं. ऑगस्टचा पहिला शनिवार, दहा वाजून बेचाळीस मिनिटं, तिच्या कागदावर छापली होती तीच वेळ. नाव टाकलं, वय टाकलं, तिसरी भेट असं सांगितलं. कळ दाबली. ठिपके धावले, आकडे उतरले.

स्तन नव्याण्णव पॉइंट दोन. रक्त सत्त्याण्णव पॉइंट आठ. लसिका ग्रंथी अठ्ठ्याण्णव. शरीर शुद्ध.

निमियाने कागद पडद्याशेजारी धरला. एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेली, पानांची वजनं तपासायची तशी. "पुन्हा कर," ती म्हणाली.

मी तोच क्षण परत आणला. तेच आकडे.

"माझं नाव काढ."

नावाच्या जागी मी 'खुर्ची' लिहिलं. तेच आकडे.

"वय बदल." वय बदललं तेव्हा आकडे बदलले. मिनिट बदललं, पुन्हा बदलले. भेट पहिली केली तर अर्धे अवयव लाल झाले. दुसरी केली तर पिवळे. तिसरी केली की सगळे हिरवे, वय काहीही टाका, वेळ काहीही द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलत आम्ही तासभर बसलो. वय, घड्याळ आणि कितवी भेट एवढ्या तीन गोष्टींतून ते यंत्र आकडे पाडत होतं. जो माणूस समोर बसायचा, त्याचा त्यात कुठे संबंधच नव्हता.

"म्हणजे मी तिथं बसले नसते तरी हाच कागद निघाला असता," ती म्हणाली.

"हो."

"मी मेलेली असते तरी."

मी मान खाली घातली.

"तुला हे कधी कळलं, मिची?"

तिला खोटं सांगता आलं असतं. आत्ताच, तुझ्यासमोर कळलं, असं म्हणता आलं असतं.

"मार्चमध्ये," मी म्हणाले. "त्या रविवारी दुकानात चाचणी घेताना दांडी जोडलेलीच नव्हती. समोर रिकामी खुर्ची होती. तरी आकडे आले. खुर्चीचं यकृत थकलंय म्हणून. मी पोट धरून हसले. आणि त्याच रात्री लॅपटॉप देऊन टाकला. मजुरी घेतली. मला वाटलं, लोक गुडघ्याचे आणि पोटातल्या वाऱ्याचे थेंब विकत घेतात, घेऊ देत. कुणाचं काय बिघडतंय?"

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने कागदाची नीट घडी घातली. "घरी सोड मला," म्हणाली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मंगळवारी सकाळी पिशवी घेऊन दुकानात आली. "इस्पितळात जायचंय. तूही चल. त्या डॉक्टरीणबाईंच्या डोळ्याला डोळा द्यायची मला एकटीला हिंमत नाही."

डॉक्टर फ्रेतेस रागावल्या नाहीत. त्यांनी तपासलं, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवलं. आजार यकृतात गेला होता, पाठीच्या हाडातही.

"डोस चुकवले नसते तर मी बरी झाले असते का?" निमियाने विचारलं.

"मे महिन्यात शक्यता चांगली होती. आता ती तशी राहिली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तीन महिन्यांनी नेमकं किती नेलं, हे मला सांगता येणार नाही. छातीठोक आकडा सांगितला, तर त्या माणसात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

येताना बसमध्ये निमिया खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "शनिवारी तो येईल ना हॉलमध्ये? मला जायचंय."

"कशाला गं? तुला झेपणार नाही."

"मी सोडून अजून किती जण बसतात त्या खुर्चीत?"

सप्टेंबरच्या त्या शनिवारी हॉल पुन्हा भरलेला होता. मी सकाळीच घरी माझ्या नकलेवर घड्याळ पुढे नेलं होतं, आज अकरा वाजून पाच मिनिटं. वय बावन्न, चौथी भेट. जो निकाल आला तो छापला, पाकिटात घातला आणि पाकीट करई लिसार्दोंच्या हातात दिलं. मुद्दाम त्यांच्याच. त्यांच्याइतका प्रोफेसरचा भक्त दुसरा कुणी नव्हता.

निमिया खुर्चीत जाऊन बसली. हातात दांडी, कानावर हेडफोन. प्रोफेसरला काय माहीत! तो रंगात आला. "बघा, हीच ती बाई! तिच्या डोक्यावरचे केस बघा! विज्ञानानं काढून घेतले, निसर्गानं परत दिले!"

"जरा थांबा, प्रोफेसर," निमिया म्हणाली. "मला दम लागलाय." भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "हं. आता."

आकडे पडद्यावर उतरले. प्रोफेसर एकेक वाचू लागला. "यकृत, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा! हाडं, नव्याण्णव!"

"करई," मी मागून ओरडले, "पाकीट फोडा."

करई लिसार्दोंनी चष्मा लावला. कागद उघडला. पडद्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. त्यांचे ओठ हलत होते.

"मोठ्यानं वाचा ना!" कुणीतरी म्हणालं.

"यकृत अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा," ते म्हणाले. "हाडं नव्याण्णव. हे... हे मला आठ वाजता दिलंय हिनं. आठ वाजल्यापासून माझ्या खिशात आहे."

प्रोफेसर क्षणभर चाचरला, पण जीभ सरावाची होती. "यात नवल काय? दोन यंत्रं, एकच आत्मा! दूर असली तरी एकमेकांशी बोलतात!"

"दांडी उघडा," मी म्हणाले.

करई लिसार्दोंनी खिशातला चाकू काढला आणि दांडीचं बूड फिरवून उघडलं. आत एक चपटी बॅटरी होती आणि एक बारका दिवा, बस. संगणकाकडे जाणारी वायर आत नुसती गाठ मारून ठेवलेली होती. त्यांनी ती ओढली. ती हातात आली.

तेव्हा प्रोफेसरने माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा! मार्चमध्ये हे यंत्र हिनंच उठवलं! पैसे घेऊन! तेव्हा का नाही बोलली ही?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"तो खरं बोलतोय," मी म्हणाले. "यंत्र मी उठवलं. ते रिकाम्या खुर्चीचंही निदान करतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसले." पुढे व्हर्च्युअल मशीन काय असतं, घड्याळ कसं फिरवलं, ते मी सांगितलं, पण किती जणांनी ऐकलं कोण जाणे.

निमियाने हेडफोन काढले. तिचा आवाज बारीक झाला होता, पण हॉल इतका शांत होता की शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

"माझ्या यकृतात आजार पसरलाय. बुधवारी डॉक्टरांनी फोटो दाखवला. या यंत्राला ते अठ्ठ्याण्णव टक्के चांगलं दिसतंय. मला फक्त एवढंच विचारायचंय, याच्या सांगण्यावरून तुमच्यापैकी आणखी कुणी औषध सोडलंय का?"

मग एका बाईने हात वर केला. "साखरेच्या गोळ्या," ती म्हणाली. मागे एका म्हाताऱ्याने काठी उचलली, "ब्लडप्रेशरच्या." मग एका आईने. तिच्या मांडीवरच्या मुलीला फिट्स येत होत्या. मी मोजत होते. अकरा हात होते. बारावा हात करई लिसार्दोंचा; हृदयाच्या गोळ्या त्यांनी जुलैपासून घेतल्या नव्हत्या.

प्रोफेसर मागच्या दाराने गेला. पोलिसांत तक्रार दिली, पण तो सापडला नाही. पुढे दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने बसतो असं कानावर आलं. त्या बारा जणांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. फिट्सवाल्या मुलीला डॉक्टर फ्रेतेसांनी ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. असेही लोक भेटले जे म्हणाले, निमियाने शंका घेतली म्हणूनच आजार उलटला. तिच्या तोंडावर म्हणाले.

तिने पुन्हा औषध सुरू केलं. केस पुन्हा गेले. डिसेंबरमध्ये वेदना वाढल्या. एकदा मी तिचे पाय चोळत होते, तेव्हा मी म्हणाले, "मला माफ कर."

"माफ केलंय कधीच," ती म्हणाली. "पण मिची, तू हसलीस तेव्हा मलाही बोलवायचं होतंस. आपण दोघी हसलो असतो."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, ती गेली.

तेव्हापासून जिथे कुणी बोलावेल तिथे मी लॅपटॉप घेऊन जाते आणि हे सगळं सांगते. कुणी मला धन्यवाद दिले की मला लाज वाटते.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर त्याचा अपमान करू नका, नम्रपणे एवढंच म्हणा: हेच पुन्हा करून दाखवा, आणि या वेळी मला बाजूला बसवा. खरी तपासणी माणूस उठून गेल्यावर चालूच शकत नाही. कुणी औषध सोडायला सुचवलं, तर ज्याने ते दिलंय त्याला आधी विचारा. त्रास थांबला म्हणजे आजार थांबला असं धरून चालू नका.

आणि ज्यांना लबाडी कळते त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. लोक भोळे आहेत म्हणून हसू नका. अजून कुणाचं काही बिघडलेलं नाही म्हणून सोडून देऊ नका. ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी, हॉलमध्ये उभं राहून, मोठ्याने सांगा. मी ते केलं असतं, तर माझी बहीण त्या जूनमध्ये बसमधून मधेच उतरली नसती.